मिशनवर निघालेल्यांसाठी: फिलिपिन्समधला रोजचा दिवस

मिशनवर, म्हणजे आपल्या चर्चसाठी परगावी राहून धर्मप्रसार करायला, जायचं ठरवलेल्या मुलामुलींचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. लोक दारातून परत पाठवतात का? सगळा धर्मग्रंथ पाठ असावा लागतो का? जेवणाचे हाल होतात का? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: नेमून दिलेल्या एका अनोळखी जोडीदाराबरोबर चोवीस तास राहायची तुमची तयारी आहे का? मिशनचा खरा कस तिथे लागतो. मी मुंबईची. माझी सेवा फिलिपिन्समध्ये, मनिलाच्या दक्षिणेकडच्या गावांत झाली. तिथला दिवस कसा जातो ते लिहिते आहे, म्हणजे विमानात बसण्याआधी तुम्हाला अंदाज येईल.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या मंडळीचं पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. 1830 मध्ये जोसेफ स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्यात ती स्थापन केली. आता मुख्यालय सॉल्ट लेक सिटीला आहे. लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात, पण 2018 पासून मंडळीने पूर्ण नावाचाच आग्रह धरला आहे. मिशन मुलांसाठी 24 महिन्यांचं, मुलींसाठी 18 महिन्यांचं. मी गेले तेव्हा मुलींना 19 वर्षं पूर्ण असावी लागत. पगार नसतो. उलट आपण किंवा घरच्यांनी दरमहा ठरावीक वाटा भरायचा असतो. "मग मिळतं काय?" हा माझ्या आत्याचा प्रश्न तुमच्याही घरी कोणी ना कोणी विचारेलच. चिडू नका, शांतपणे सांगा.

कुठे जायचं ते आपल्या हातात नसतं. शाखाध्यक्षांबरोबर, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखांबरोबर, अर्ज भरायचा, डॉक्टर आणि दातांची तपासणी करून घ्यायची आणि वाट पाहायची. मग बोलावणं ऑनलाइन येतं, त्यात देश, भाषा आणि तारीख असते. दातांची तपासणी उरकून टाकू नका. परगावी, नव्या भाषेत, ठणकणारी दाढ घेऊन दारोदार फिरणं फार अवघड जातं. व्हिसा रखडला तर तात्पुरतं दुसऱ्याच ठिकाणी पाठवतात. तसं झालं तर तेच आपलं मिशन समजून कामाला लागा.

प्रशिक्षणाचा पहिला भाग घरूनच, ऑनलाइन. पुढचा मनिलाच्या प्रशिक्षण केंद्रात. तिथे टागालोग या तिथल्या भाषेशी गाठ पडते. वाक्यात क्रियापद सहसा आधी येतं, त्यामुळे सुरुवातीला डोकं गरगरतं. पण मराठी मुलांना एक गोष्ट आयती मिळते. आपल्याकडे जसं 'आपण' आणि 'आम्ही' वेगळं, तसंच तिथे 'तायो' आणि 'कामी'. माझ्या वर्गातल्या अमेरिकन मुली यावर आठवडाभर अडखळत होत्या, मला ते पहिल्याच दिवशी समजलं. आपली मराठी पक्की असेल तर तिचा असा उपयोग होतो. प्रत्येक वाक्य मनात इंग्रजीतून फिरवून आणू नका.

वेळापत्रक साधं आहे. साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ आणि नाश्ता. आठपासून एकटीचा अभ्यास, मग जोडीने अभ्यास आणि भाषा. साधारण दहाला बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला घरी, दुसऱ्या दिवसाचं नियोजन, साडेदहाला दिवे बंद. मिशन अध्यक्ष, म्हणजे त्या भागातल्या मिशनचे प्रमुख, जागेनुसार यात थोडं मागेपुढे करू देतात. सिनेमा नाही, पोहणं नाही, प्रेमप्रकरण नाही. फोन असतो, पण कामापुरता. नावाने कोणी हाक मारत नाही. मुलगे एल्डर, मुली सिस्टर, पुढे आडनाव, आणि छातीवर नावाची काळी पट्टी. तुमच्या आडनावाचे तिथे निरनिराळे उच्चार होतील. जो ऐकायला येईल त्याला ओ द्या.

आता जोडीदारणीबद्दल. ती तुम्ही निवडत नाही, मिशन अध्यक्ष निवडतात. न्हाणीघर सोडलं तर दोघींनी एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं. दर सहा आठवड्यांनी बदल्या निघतात. कधी जोडी तीच राहते, कधी रात्रीत बॅग भरून दुसऱ्या गावी जावं लागतं. माझी पहिली जोडीदारीण विसायास बेटांवरची, अतिशय कमी बोलणारी. मी मुंबईच्या चाळीत वाढलेली, मनात येईल ते तोंडावर बोलून मोकळी होणारी. तिला काही खटकलं की ती गप्प बसायची. भात शिजवायची, माझं ताट वाढायची, पण शब्द नाही. तिथे या रुसण्याला 'ताम्पो' म्हणतात. रुसलेल्या माणसाला कारण विचारत बसायचं नसतं, त्याच्याजवळ राहायचं असतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

नियमाप्रमाणे आठवड्यातून एकदा दोघींनी समोरासमोर बसून बोलायचं असतं: काय चांगलं झालं, काय खुपलं. आमचं ते बोलणं जेमतेम पाच मिनिटांत संपायचं. खरं बोलणं व्हायचं सोमवारी, कपडे धुताना. मागच्या अंगणात दोन बादल्या, पिवळट साबणाची वडी, आणि आम्ही दोघी उकिडव्या बसून कॉलर घासतोय. हात कामात आणि नजर पाण्यात असली की तिला बोलता यायचं. तिथेच तिने सांगितलं की मी लोकांच्या दारात फार भराभर बोलते, समोरच्याला विचार करायला उसंतच देत नाही. तेव्हापासून मी एक प्रश्न विचारून थांबायला लागले. माझ्या सेवेत त्याहून उपयोगी काही मी शिकले नाही. तुमच्या जोडीदारणीची अशी जागा कोणती ते शोधा. कोणाची स्वयंपाकघरात असेल, कोणाची चालताना.

रस्त्यावरचा दिवस मात्र मजेचा. फाटक वाजवायचं नाही, बाहेरून "ताओ पो!" अशी हाक द्यायची. 'पो' आदराचा, तो कुठेही विसरू नका. म्हाताऱ्या माणसाचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा, आपण वाकून पाया पडतो तसंच ते. जीपनीत, म्हणजे तिथल्या सामायिक प्रवासी गाडीत, मागे बसलात तर पैसे पुढच्यांच्या हातातून हातात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे तसेच परत येतात. तुमच्या हातात आलेले पुढे सरकवा. जेवत असलेलं घर "काइन तायो" म्हणतंच, म्हणजे चला जेवू. पहिल्यांदा हसून नको म्हणायचं, पुन्हा आग्रह झाला तर बसायचं. चहा, कॉफी, दारू, तंबाखू आम्हाला वर्ज्य. चहाच्या घरात वाढलेल्या मुलीला हे वेगळं सांगायला नको, पण तिथे प्रश्न कॉफीचा. पुडीतली गोड कॉफी घरोघरी असते आणि पाहुण्याला प्रेमाने दिली जाते. "पाणी चालेल, पो" एवढं म्हटलं की पुरे. कारणाचं प्रवचन कप समोर असताना करू नका.

काही घरी दार उघडत नाही. फिलिपिन्समध्ये ते कमी होतं, लोक ऐकून घेतात. तिथली अडचण मला निराळी वाटली, आणि तिच्याबद्दल आधी कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्याकडे बाप्तिस्म्याआधी, म्हणजे मंडळीत येण्याच्या विधीआधी, एकत्र राहणाऱ्या स्त्री-पुरुषांचं कायदेशीर लग्न झालेलं असावं लागतं. आणि फिलिपिन्समध्ये मुस्लिमांचा वैयक्तिक कायदा सोडला तर घटस्फोटाची सोय नाही. विवाह रद्द करून घेता येतो, पण त्याला वकील, कोर्ट आणि गरिबाला न झेपणारा पैसा लागतो. एक भाजी विकणारी बाई आमच्याकडे शिकत होती. पहिला नवरा कधीच दुसऱ्या प्रांतात निघून गेलेला, आताच्या माणसाबरोबर तीन मुलं. रविवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. तिचा बाप्तिस्मा माझ्या काळात झाला नाही.

अशा वेळी दोन गोष्टी पाळा. एक, हा नियम फार उशिरा सांगू नका. महिनाभर जीव लावल्यावर असं कळणं क्रूर आहे. दोन, जे आपल्या हातात नाही त्याचं वचन देऊ नका. आपल्या हातात एवढंच असतं की शिकवणं थांबवायचं नाही, रविवारी तिच्या शेजारी बसायचं आणि स्थानिक शाखाध्यक्षांशी तिची गाठ घालून द्यायची. जिथे दोघंही अविवाहित असतात तिथे अडतं कागदांवर: जन्मदाखला, लग्न न झाल्याचा दाखला, ज्याला तिथे सेनोमार म्हणतात. जन्माची नोंदच झाली नाही अशी माणसं भेटतात. त्यांच्याबरोबर सरकारी कचेरीच्या रांगेत उभं राहणं हीसुद्धा सेवाच आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो, दोन जेवणं सोडायची. साबुदाणा, वरी काही नाही, पाणीसुद्धा नाही, आणि त्या दिवशीही चालणं चुकत नाही. आदल्या रात्री पाणी भरपूर प्या. एरवीही नळाचं पिऊ नका. वादळानंतर रस्त्यात पाणी तुंबलं तर त्यात उतरू नका. लेप्टोचं, म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचं, नाव मुंबईकराला नवं नाही, तिथेही पूर आला की तीच भीती. बूट एक जोड जास्त न्या, पावसात वाळत नाहीत.

घरची आठवण येणार. 2019 पासून आठवड्यातून एकदा घरी व्हिडिओवर बोलता येतं. त्याआधी वर्षातून जेमतेम दोनदा बोलणं व्हायचं. सोय चांगली आहे, पण आईला आपला आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवसच तेवढा सांगू नका. ती पुढचा आठवडाभर त्यावरच जगते. मिशन अध्यक्षांना दर आठवड्याला पत्र लिहायचं असतं, वाईट वाटलं तर त्यात मोकळं लिहा. मन फारच खचलं तर डॉक्टर आणि समुपदेशकाची सोय होते. ती मागण्यात कमीपणा नाही, आणि मधूनच घरी परतलेल्या मुलांना नावं ठेवणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

शेवटी शिक्षणाचं. निघण्याआधी कॉलेजात लेखी विचारा की प्रवेश राखून ठेवता येतो का. तोंडी आश्वासनावर विसंबू नका, परत येईपर्यंत टेबलावरचा माणूस बदललेला असतो. आल्यावर नव्याने प्रवेश घ्यायचा असेल तर गॅप सर्टिफिकेट लागतं, म्हणजे नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला असेल तर तोही, सगळ्याच्या प्रती घरी एका फाइलमध्ये ठेवा आणि फाइल कुठे आहे ते भावंडाला सांगून ठेवा. मुलाखतीत मधल्या काळाबद्दल विचारतातच. "परदेशात सेवा करत होते, नवी भाषा शिकून रोज त्याच भाषेत काम केलं" असं सरळ सांगा आणि अर्जातही तसंच लिहा.