गच्चीवरील खतात मिथेन होऊ देऊ नका
इंदूरमध्ये घंटागाडीत वेगळा दिलेला ओला कचरा बायो-सीएनजी प्रकल्पात जातो आणि त्यातून निघणारा मिथेन इंधन म्हणून वापरला जातो. परंतु जी मंडळी गच्चीवर किंवा अंगणात खत करतात, त्यांनी ढिगातील हवेकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे. प्राणवायू मिळाला तर जिवाणू कचऱ्यातील कार्बनचे मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात, तो तुटला तर मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ ते ३० पट तापमानवाढ घडवतो. म्हणून भाज्यांची देठे, साली, उरलेले पोहे टाकल्यावर दर वेळी सुक्या पाल्याचा जाडसर थर द्यावा व आठवड्यातून एकदा तरी ढीग खालीवर करावा. ढीग उलटण्याचा हा आग्रह कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२० च्या दशकात येथेच घडवलेल्या खत बनवण्याच्या ‘इंदूर पद्धती’तही होता, ही आपल्या गावासाठी खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. मूठभर मिश्रण दाबल्यावर पाणी ठिबकले किंवा नासक्या अंड्यांसारखा वास आला, तर त्याच दिवशी सुका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा मिसळावा. पावसाळ्यात झाकण अवश्य ठेवावे, मात्र खत पिंपात करत असल्यास त्याच्या बाजूची हवेची भोके बुजू देऊ नयेत.