टेनिसच्या एका सेटचा भाव कसा पारखायचा

अंदाज-बाजारात, म्हणजे घटनेच्या निकालावरचे करार जिथे विकले-घेतले जातात तिथे, ‘पहिला सेट अ जिंकेल’ या कराराचे शेवटी १०० मिळतात किंवा ०. म्हणजे ६० भाव ही साधारण ६० टक्के शक्यता.

भावाआधी नियम वाचा. खेळाडूने दुखापतीमुळे सेट अर्धवट सोडला तर काही ठिकाणी करार रद्द होतो, काही ठिकाणी पुढच्या फेरीत गेलेल्याला विजयी धरतात. अंदाज बरोबर असूनही इथे ठेच लागते.

मग सामन्याच्या भावाशी ताळा घ्या. प्रत्येक सेट जिंकण्याची शक्यता ०.६ धरली, तर तीन सेटांचा सामना जिंकण्याची शक्यता ०.६ × ०.६ × (३ − २ × ०.६) = ०.६४८ होते, पाच सेटांच्या सामन्यात सुमारे ०.६८. तीन सेटांचा सामना ६५ वर आणि त्याचा पहिला सेटही ६५ वर दिसला, तर सेट महाग आहे.

चालू सेटमध्ये गुणफलक हमखास फसवतो. पहिली सर्व्हिस करणारा ३-२ ने पुढे असेल तर त्याच्याकडे ब्रेकची (समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकण्याची) आघाडी नसते, त्याने तीनदा सर्व्हिस केली एवढंच. तोच ३-२ दुसऱ्याच्या बाजूने असेल, तर त्याच्याकडे एका ब्रेकची आघाडी आहे. सर्व्हिस दमदार असलेल्यांच्या सामन्यात हा फरक फार मोठा.

खरेदी ६२, विक्री ५८ असेल, तर घेताक्षणी ४ गेले, शुल्क वेगळं. तुमचा अंदाज ६२ च्या बराच वर हवा.

प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं. त्यामुळे जुन्या भावाची ऑर्डर तशीच पडू देऊ नका. पॉइंट आधी कळलेला माणूस नेमकी तीच उचलतो.