अंदमानात सरडे-पाली शोधताय? या चुका टाळा

अंदमानला जाणाऱ्या मराठी कुटुंबांचा बेत साधारण ठरलेला असतो: सेल्युलर जेल, रॉस, हॅवलॉक, नील आणि परत. याच बेटांवर, याच वाटांच्या कडेला जगात दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या पाली आणि सरडे राहतात. बहुतेक पर्यटक ते न बघताच परततात, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यासाठी वेगळी सहल आखावी लागत नाही.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस रेखांशांवर आहे, घड्याळ मात्र तेच. म्हणजे सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ सव्वा तास आधी उगवतो आणि डिसेंबरात सव्वापाचच्या आसपास मावळतोही. निवांत नाश्ता करून नऊ-साडेनऊला बाहेर पडलात तर कोवळ्या उन्हाचा वेळ संपलेला असतो. पाली-सरडे अंग शेकायला उघड्यावर येतात ते त्या कोवळ्या उन्हातच. सहाला उठा, नाश्ता नंतर करा.

दुसरी चूक म्हणजे जंगल गाठायची घाई. अंदमानची हिरवी पाल, म्हणजे अंदमान डे गेको, पुष्कळदा तुमच्या रिसॉर्टच्या आवारातच असते. नारळ, पोफळी, केळी, केवडा ही तिची आवडती झाडं. पोपटी हिरवा रंग, पाठीवर लालसर-नारिंगी ठिपके किंवा रेघा, शेपटीवर अनेकदा निळसर झाक. लांबी वीतभरसुद्धा नाही. प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथने 1861 मध्ये तिचं वर्णन केलं. तिचे सगळे जवळचे नातलग मादागास्कर, मॉरिशस, सेशेल्सच्या बाजूला आहेत. मध्ये अख्खा हिंदी महासागर, आणि पूर्वेकडे या गटातली ही एकटीच! आपल्या घरातल्या पालीसारखी ती रात्री हिंडत नाही, दिवसा हिंडते. किडे खाते, फुलांतला मधही चाटते. म्हणून नारळाचा फुलोरा आणि केळफूल नीट बघा.

शोधताना लोक हिरव्यात हिरवं हुडकत बसतात आणि थकतात. त्यापेक्षा झावळीच्या किंवा केळीच्या पानाच्या खाली, उन्हाच्या उलट बाजूला उभे राहा. पानावर पाल बसली असेल तर तिची सावली खालून दिसते. दिसली आणि लगेच पानामागे सरकली, तर मोबाइल घेऊन मागे धावू नका. दोन पावलं मागे या आणि हात न हलवता पाच-दहा मिनिटं थांबा. बहुधा ती परत येते. पकडायचा मोह तर अजिबात नको: तिची कातडी फार नाजूक असते, सहज फाटते. शेपटी तुटली तर ती पुन्हा वाढवण्यात तिची बरीच ताकद खर्च होते.

सरड्यांच्या बाबतीत चूक ओळखण्याची होते. मोकळ्या जागी, कुंपणावर दिसणारा सरडा बहुधा आपल्या गावातलाच असतो. तो मुख्य भूमीवरून बेटांवर पोचलेला आहे. बेटांचा खास सरडा म्हणजे बे आयलंड फॉरेस्ट लिझर्ड. तो सावलीत, झाडाच्या बुंध्यावर जमिनीपासून फार उंच नसलेल्या जागी बसतो, आणि चाहूल लागली की खोडाला वळसा घालून मागे जातो. दोघांनी दोन बाजूंनी हळू चालत गेलं तर एकाला तो नक्की दिसतो. रात्री हाच सरडा बारीक फांदीवर किंवा पानावर झोपलेला सापडतो. टॉर्च क्षणभरच टाका, फांदीला धक्का लावू नका. रात्री पायात बूट हवेतच. इथे विषारी सापही आहेत.

घोरपडीबद्दल थोडं कडक बोलतो. अंदमानातली पाणघोरपड चांगली माणसाएवढी लांब होऊ शकते. खाजण, किनारा, कधी कचऱ्याचे ढीग, कुठेही भेटते. तिला उरलेलं चिकन टाकून फोटो काढणारे मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव आहे, आणि माणसाकडून खायला मिळायची सवय लागलेला प्राणी शेवटी माणसाच्याच हातून मरतो. तिच्या आणि पाण्याच्या मध्ये उभे राहू नका, तिला पळायची वाट मोकळी ठेवा. खाजणाच्या काठी मगरीची पाटी दिसली तर पाण्यापासून लांबूनच बघा.

बाराटांगला जाताना वाटेत काही दिसलं तरी चालकाला गाडी थांबवायला सांगू नका. तो रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. तिथे थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे.

दोन सकाळी फिरूनही काहीच दिसलं नाही तर आधी आकाश बघा. ढगाळ हवेत पाली पानांच्या बेचक्यांत दडून राहतात. पाऊस थांबून ऊन पडलं की लगेच बाहेर पडा. रिसॉर्टच्या माळ्याला विचारा, रोज कुठल्या झाडावर हिरवी पाल असते हे त्याला पाठ असतं. आणि चिडिया टापूला सूर्यास्त बघायला जाणारच असाल तर पाचऐवजी तीनला पोचा. रस्त्याकडेच्या बुंध्यांवर जंगली सरडा शोधायला दोन तास हाताशी राहतात.