इंग्रजी ‘टेक’ला मराठीत कसं आणावं

सहावीतल्या भाचीच्या वहीत इंग्रजीच्या बाईंनी लाल रेघ ओढली होती. तिनं लिहिलं होतं, ‘आय गेव्ह माय एक्झाम.’ बाईंनी ‘गेव्ह’ खोडून वर ‘टुक’ केलं होतं. भाची हिरमुसली. “मामा, परीक्षा बाई घेतात. मी कशी घेईन?”

“इंग्रजीत तू घेतेस.”

“आणि बाई?”

“त्या देतात.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू हा घोळ मीच घातलाय. पण चूक तिचीही नव्हती आणि बाईंचीही नव्हती. बाक तोच, पेपर तोच, फक्त क्रियापदाची दिशा उलटी. जर्मनमध्ये तर परीक्षेला ‘आब्लेगेन’ लावतात, म्हणजे शब्दशः उतरवून ठेवणं. फ्रेंच मुलगा परीक्षा ‘पासे’ करतो, पण त्याचा अर्थ तो पास झाला असा नाही. नुसता परीक्षेला बसला.

म्हणून ‘टेक म्हणजे घेणे’ एवढ्या भांडवलावर भाषांतराला बसू नये. सिनेमांची उपशीर्षकं लिहिणारे, ऑफिसची पत्रकं मराठीत करणारे, मुलांचा अभ्यास घेणारे, सगळे इथेच अडखळतात. मी ज्या क्रमानं जातो तो सांगतो.

पहिलं काम: ‘टेक’वर अंगठा ठेवा आणि शेजारचं नाम वाचा. शब्दकोश नंतर. त्यात ‘टेक’खाली अर्थांची इतकी लांब रांग असते की आपल्याला हवा तो शोधण्यात दुपार जाते. बहुतेक वाक्यांत ‘टेक’ स्वतः काहीच सांगत नसतो, सगळं ओझं नाम वाहतं. मग त्या नामाशी मराठीत कोणतं क्रियापद नांदतं तेवढंच बघायचं. आंघोळ करतो, निर्णय घेतो, डुलकी काढतो. शपथ घेतो. रजा घेतो, काढतो, आणि ऑफिसात तर चक्क ‘टाकतो’.

फोटोचंच बघा. आपण तो काढतो, हिंदीवाले खींचतात, गुजराती पाडतात, जर्मन ‘करतात’. फ्रेंच मात्र इंग्रजीसारखेच घेतात. स्पॅनिशमध्ये ‘साकार’ म्हणतात, त्याचा अर्थ बाहेर काढणं, म्हणजे आपल्या अगदी शेजारी. आपण आधी चित्र काढत होतो, तेच क्रियापद फोटोला चिकटलं असावं, असा माझा अंदाज. आता एक्स-रे काढतो, झेरॉक्स काढतो, तिकीटही काढतो. ‘फोटो घेतला’ हल्ली सर्रास कानावर पडतं. मी अजून तरी काढतोच.

औषधाच्या बाबतीत आपलं नशीब बरं, कारण मराठीतही ते ‘घेतात’. बंगाली माणूस औषध खातो, चिनीही खातो. जपानी गोळीसुद्धा पितो.

मग विचारा: वस्तू जागची हलते का? मराठी ‘घेणे’ हातापाशी थांबतं. चालायला लागलं की ‘नेणे’ किंवा ‘घेऊन जाणे’ सुरू होतं. आजोबांना डॉक्टरकडे ‘टेक’ करायचं तर त्यांना घेऊन जायचं; नुसतं ‘आजोबांना घे’ म्हटलं तर ऐकणारा त्यांना कडेवर उचलेल. वाहनांचा हिशेब निराळा. रिक्षा ‘करतात’, लोकल ‘पकडतात’.

वेळेचा प्रश्न आला तर वाक्यच उलटवा. इथे मशीन आणि माणूस दोघंही सारखेच घसरतात. ‘इट टुक मी थ्री आवर्स टू रीच पुणे’मध्ये मराठीला ते ‘इट’ही नको आणि ‘घेणे’ही नको. ‘पुण्याला पोचायला मला तीन तास लागले.’ माणूस ‘मी’चा ‘मला’ होतो आणि तास कर्त्याच्या जागी येऊन बसतात. ‘त्यानं माझे तीन तास घेतले’ हे वाक्य मराठीत आहे, पण ते चिवट पाहुण्याबद्दल. आणि तो जरा जास्तच बसला असेल तर ‘खाल्ले’. वेळेसारखंच धाडसाचंही: ‘इट टेक्स करेज’ म्हणजे त्याला हिंमत लागते.

शेपूट तपासा. ‘ऑफ’, ‘आफ्टर’, ‘ओव्हर’ असं काही मागे लागलं असेल तर ‘टेक’ विसरून अख्खी जोडी एक शब्द समजा. विमान ‘टेक ऑफ’ करतं म्हणजे उडतं, माणूस बूट ‘टेक ऑफ’ करतो म्हणजे काढतो. एकदा तपासायला आलेल्या उपशीर्षकांत दारावरचा माणूस पाहुण्यांना सांगत होता, ‘कृपया बूट घ्या.’ देवळाबाहेर अशी पाटी लावून बघा, आरती संपेपर्यंत एक जोड शिल्लक राहणार नाही. मुलगी आईला ‘टेक आफ्टर’ करते तेव्हा ती आईच्या वळणावर गेलेली असते. कंपनी ‘टेक ओव्हर’ होते तेव्हा तिचा ताबा घेतला जातो. इथे ‘घेणे’ परत आलं, पण ताब्याचं बोट धरून.

जाता जाता एक गंमत. ‘टेक’ हा इंग्रजीचा घरचा शब्दच नाही. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘टाका’वरून तो आला आणि त्यानं इंग्रजीतला ‘निमन’ हा जुना शब्द हाकलला. जर्मनचा ‘नेमेन’ हा त्या निमनचा सख्खा भाऊ. इंग्रजीत निमनची खूण उरली ती ‘नम’ या शब्दात. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल ‘नम’ होतो, म्हणजे मुळात संवेदना ‘घेतली गेलेला’.

शेवटी उलट्या बाजूनं बघा. इंग्रजीत ‘टेक’ नाही, पण मराठीत ‘घेणे’ हवं, अशा जागा बऱ्याच असतात, आणि भाषांतर वाचताना ते भाषांतर वाटू नये ते यांच्यामुळे. ‘ईट फर्स्ट’ला ‘आधी खा’ चालेल, पण घरात कुणी असं बोलत नाही. आई म्हणते, ‘आधी जेवून घे.’ त्या ‘घे’मध्ये हातात काहीच येत नाही, तुझं तू उरकून मोकळा हो, एवढीच माया असते. ‘समजून घे’, ‘पडून घे जरा’ ही त्याच घरातली. हे ‘घे’ पेरायला शिकलात की मसुदा मोठ्यानं वाचा. जीभ जिथे अडेल तिथे इंग्रजी राहिलंय.

आणि नव्या सुनेला सगळ्या बायका ‘नाव घे, नाव घे’ म्हणून घेरतात, त्या प्रसंगाला पोचलात तर ‘टेक’ आणि ‘नेम’ दोन्ही खाली ठेवा. तिथे यमक जुळवावं लागतं.