गोळ्यांची खोकी घेण्याआधी नळी वाचा

अमेरिकेत आणीबाणीसाठी रायफलच्या गोळ्या साठवणारे सेल दिसला की खोकी उचलतात, आणि घरी आल्यावर कळतं की कॅलिबरच (गोळीचं माप) वेगळं.

१. रायफलच्या नळीवर कोरलेलं कॅलिबर वाचा. ‘५.५६ नाटो’ असेल तर .२२३ रेमिंग्टन ही गोळीही चालते. उलटं मात्र कधीच नाही! दोन्ही दिसायला जवळजवळ सारखी, पण ५.५६ चा दाब .२२३ च्या चेंबरला (नळीतली गोळी बसते ती जागा) झेपेलच असं नाही.
२. रबरी गॅस्केटचा पत्र्याचा डबा घ्या, आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका.
३. डब्यावर कॅलिबर आणि खरेदीचं वर्ष लिहा, जुन्या आधी वापरा.

डबा गॅरेजमध्ये नको, उन्हाळ्यात तिथे नुसती भट्टी असते. घरातलं कुलपाचं कपाट बरं. मुलं असतील तर किल्ली खिशात.