फेसच्या जुन्या शहरात एक दिवस, संध्याकाळच्या विमानाआधी

मोरोक्कोतल्या फेसचं तटबंदीआतलं जुनं शहर म्हणजे फेस अल-बाली. इथे फोनमधल्या नकाशावर फार विसंबू नका. भिंती उंच, गल्ल्या अरुंद, त्यामुळे निळा ठिपका सारखा शेजारच्या गल्लीत उडी मारतो. त्यापेक्षा पायाखालचा उतार बघा. शहर नदीच्या खोलगट भागात वसलंय. पश्चिमेचा बाब बू जलूद दरवाजा वर आहे, करावियीन मशीद खाली. रस्ता उतरतोय म्हणजे तुम्ही शहराच्या पोटात चाललात, चढतोय म्हणजे बाहेर.

१. आधी परतीची वेळ ठरवा

विमान संध्याकाळी सातचं असेल तर साडेचारपर्यंत विमानतळावर असावं. तो दक्षिणेला साधारण १५ किलोमीटरवर आहे, म्हणून चारच्या आत टॅक्सीत बसायचं. सामान रियादमध्येच (जुन्या वाड्यातलं हॉटेल) ठेवा. गल्ल्यांत गाडी येत नाही, तेव्हा टॅक्सी कुठल्या दरवाजाशी येणार आणि हातगाडीवाला बॅगा किती वाजता नेणार, हे सकाळीच पक्कं करा. जमलं तर शुक्रवार टाळा. दुपारच्या नमाजानंतर बरीच दुकानं बंद असतात.

२. नऊच्या सुमारास बाब बू जलूद

जुन्या शहरात हा दरवाजा तसा नवाच, १९१३ चा. बाहेरून निळ्या फरशा, आतून हिरव्या. जवळपास कुठे बिसारा मिळाला तर नाश्ता तोच करा. वाळलेल्या बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) दाण्यांचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड, सोबत गरम पाव. शाकाहारी मंडळींनी हरीरा (टोमॅटो-डाळींचं सूप) मागवण्याआधी मात्र विचारावं, त्यात बहुधा मांस असतं.

आत शिरल्यावर तला कबीरा हा मुख्य रस्ता धरा. थोड्याच अंतरावर बू इनानिया मदरसा लागतो. मरिनी सुलतान अबू इनानने तो १३५० ते १३५५ या काळात बांधला. मुस्लिमेतरांनाही तिकीट काढून आत जाता येतं, नमाजाच्या वेळा तेवढ्या सोडून. समोरच्या भिंतीवर १३५७ च्या जलघड्याळाचे अवशेष आहेत. खिडक्या उरल्या, यंत्रणा गेली. ते नेमकं कसं चालायचं याचा वाद अजून मिटलेला नाही.

३. उतरत राहा

मागून "बालाक!" ऐकू आलं की वळून बघत बसू नका, आधी भिंतीला चिकटा. लादलेलं खेचर येत असतं आणि ते थांबत नाही. "पुढे रस्ता बंद आहे" असं सांगणारी पोरंही भेटतील. रस्ता बहुतेक वेळा उघडाच असतो. त्यांना तुम्हाला दुकानात न्यायचं असतं. "ला, शुक्रान" म्हणा आणि चालू लागा.

खाली अत्तारीन मदरसा आहे, १३२३ ते १३२५ मधला. आकाराने लहान, पण एकच मदरसा बघायला वेळ असेल तर मी हाच निवडेन. इथलं देवदाराचं कोरीवकाम, चुन्याची नक्षी आणि रंगीत फरशा अगदी जवळून बघता येतात. शेजारी करावियीन. परंपरेनुसार ती ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या स्त्रीने उभारली. मुस्लिमेतरांना आत प्रवेश नाही, पण उघड्या दारांतून अंगण दिसतं.

तिथून ठोक्यांच्या आवाजामागे गेलात की सफ्फारीन चौक. तांब्या-पितळेची भांडी इथे उघड्यावरच घडतात. पुण्याची तांबट आळी पाहिलेल्याचा पाय इथे निघणार नाही, म्हणून घड्याळावर लक्ष असू द्या.

४. चामड्याचे हौद

शुवारा, म्हणजे कातडी कमावण्याची जागा, इथून जवळच आहे. हौद नीट दिसतात ते भोवतालच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरून. दारात हातात पुदिना देतात. तो नाकाशी धरा, कारण कातडी मऊ करायला पांढऱ्या हौदांत चुन्याबरोबर कबुतरांची विष्ठा असते. रंगीत हौद त्यापुढचे. गच्चीचे थोडे पैसे किंवा खाली खरेदीचा आग्रह, दोन्हीची तयारी ठेवा. काही घ्यायचंच असेल तर पिवळ्या बाबूश चपला बॅगेत सहज मावतात. मोठ्या बाटलीतलं आर्गन तेल हातसामानातून जाणार नाही.

५. परत फिरा

तीन वाजता निघा. चढ अंगावर येत असेल तर सफ्फारीनहून र्सीफ चौकात जा. शहराच्या तळाशी असूनही तिथपर्यंत गाड्या येतात, आणि लाल छोटी टॅक्सी तुम्हाला रियादजवळच्या दरवाजाशी सोडते. विमानतळासाठी मोठी टॅक्सी घ्या आणि भाडं बसण्याआधी ठरवा. उरलेले दिरहम विमानतळावरच बदला. भारतात ते बदलून मिळणं अवघड आहे.