बडोद्यात जुनी गाडी विकताना पसंतीचा नंबर कसा सोडवून घ्यावा

जुन्या गाडीवरचा पसंतीचा नंबर गाडीपासून वेगळा काढून विकता येतो का, हा प्रश्न बडोद्यात गाडीच्या व्यवहाराची बोलणी सुरू झाली की हमखास निघतो. त्याचे सरळ उत्तर असे की आपल्याकडे नंबर ही मालकाने बाजारात मांडावी अशी वस्तू नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार नोंदणी अधिकारी तो वाहनाला नेमून देतो, आणि लिलावात आपण जी रक्कम मोजतो ती तो नंबर आपल्या वाहनाला मिळावा एवढ्यासाठीच असते. त्यामुळे ‘गाडी राहू द्या, नंबर तेवढा माझ्या नावावर करून द्या’ असे म्हणणारे गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असले तरी त्याच्याकडून रोख रक्कम घेऊ नये. ते काम कागदोपत्री पुरे होत नाही आणि पैसे परत मागायला तो उद्या दारात उभा राहतो.

मात्र दोन मार्ग मोकळे आहेत. एक तर गाडी नंबरासकट विकावी आणि नंबराचे मोल गाडीच्या भावातच वसूल करावे, किंवा गाडी विकण्यापूर्वी नंबर राखून ठेवून तो आपल्याच नव्या गाडीला लावावा. लवकर नवी गाडी घेण्याचा विचार नसेल, तर माझ्या मते पहिला मार्गच बरा. बडोद्याच्या जीजे ०६ या कोडच्या एखाद्या मालिकेतला १, ९ किंवा ९९९९ असलेली गाडी शोधत येणारे लोक असतात, आणि ते मॉडेल किती जुने आहे याची फारशी घासाघीस करीत नाहीत. अशा वेळी विक्रीच्या करारात गाडीची एकच किंमत लिहावी. नंबराची वेगळी पावती करून देणे म्हणजे जे विकताच येत नाही ते विकल्याचा लेखी पुरावा स्वतःच्या सहीने देणे होय.

दुसरा मार्ग धरायचा असेल, तर आधी नंबर सोडवायचा आणि मगच गाडी द्यायची, हा क्रम मोडू नये. मालकी हस्तांतराची नोंद एकदा झाली की नंबर गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेलेला असतो, आणि तो परत मिळवण्याचा आपला हक्क उरत नाही. गिऱ्हाईक बयाणा घेऊन आले असले तरी त्याला स्पष्ट सांगावे की गाडीचा नंबर बदलणार आहे आणि नवे आरसी (नोंदणीपत्र) हातात येईपर्यंत मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या होणार नाहीत. त्याने पाहून ठरवलेल्या गाडीवर ताबा घेताना वेगळाच नंबर दिसला, तर सौदा तिथेच फिसकटतो.

अर्जापूर्वी नाव तपासून घ्यावे, कारण जुनी आणि नवी अशा दोन्ही गाड्या एकाच व्यक्तीच्या नावावर असणे आवश्यक आहे. वडिलांच्या गाडीचा नंबर राखून मुलाने घेतलेल्या गाडीला लावू म्हटले तर चालत नाही. तशी इच्छा असेल तर नवी गाडी वडिलांच्या नावावर घ्यावी लागते. शिवाय इथल्या मराठी घरांत आणखी एक घोळ नेहमीचा आहे. गुजरातच्या रिवाजाप्रमाणे जुन्या आरसीवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो, तर आधारवर आणि शोरूमच्या बिलावर आडनाव शेवटी येते, आणि त्यातच शिर्के, शितोळे अशा आडनावांचे स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळे असते. संगणकाला ही दोन वेगळी माणसे वाटतात. म्हणून नव्या गाडीचे बुकिंग करतानाच जुने आरसी सेल्समनपुढे ठेवावे आणि नाव अक्षरशः तसेच लिहून घ्यावे. मालक हयात नसतील, तर फॉर्म ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी.

वाहनाचा प्रकारही जुळावा लागतो. दुचाकीचा नंबर दुचाकीला आणि मोटारीचा मोटारीलाच लागतो, त्यामुळे चांगला नंबर असलेली मोडकी स्कूटर गळ्यात मारून ‘हा नंबर तुमच्या मोटारीला बसवून देतो’ असे सांगणाऱ्या एजंटाकडे दुर्लक्ष करावे.

यानंतर गाडीवरची बाकी निस्तरावी. कर्ज फिटले असले तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो. तो बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ देऊन उतरवावा लागतो. जुन्या नंबरावर निघालेली ई-चलने भरून टाकावीत, कारण तोच नंबर उद्या आपल्या नव्या गाडीवर मिरवणार आहे. विमा आणि पीयूसी चालू स्थितीत असावेत. मग परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर नंबर राखून ठेवण्याचा अर्ज भरावा. शुल्क नंबर गोल्डन, सिल्व्हर (या पसंतीच्या नंबरांच्या सरकारी श्रेणी) की साधा यावर आणि वाहन दुचाकी की मोटार यावर ठरते. मूळ कागद घेऊन दरजीपुऱ्याच्या आरटीओ कार्यालयात जाताना गाडीच्या चॅसिस नंबराचा स्पष्ट फोटोही जवळ ठेवावा. नंबर बदलला तरी गाडीची खरी ओळख तोच नंबर सांगतो.

अर्ज मंजूर झाला की जुन्या गाडीला चालू मालिकेतला नवा नंबर मिळतो, आणि खरे काम इथून पुढे सुरू होते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झालेली एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरपाटी) म्हणजे पूर्वीसारखी स्क्रू फिरवून काढता येणारी पाटी नव्हे. ती एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकने ठोकलेली असते आणि काढायची तर लॉक तोडावेच लागते. पाटीच्या डाव्या बाजूला वर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, त्याखाली निळ्या अक्षरांत देशाचे नाव असते आणि अगदी खाली लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक असतो, जो त्याच गाडीच्या नोंदीशी जोडलेला असतो. त्यामुळे जुनी पाटी जपून ठेवून नव्या गाडीला लावू असे मनात आणू नये. नंबर तोच असला तरी नव्या गाडीला नवीच पाटी घ्यावी लागते. जुनी पाटी आठवण म्हणून भिंतीवर लावण्याचा मोहही टाळावा, ती निकामी करून घ्यावी. समोरच्या काचेवर आतून लावलेला स्टिकर मात्र बहुतेक जण विसरतात. पेट्रोल व सीएनजीसाठी फिक्या निळ्या आणि डिझेलसाठी नारिंगी रंगाच्या त्या स्टिकरवर जुना नंबर छापलेला असतो, आणि पाट्या बदलूनही तो तसाच राहिला तर गाडीवर दोन नंबर दिसतात. नवी पाटी बसेपर्यंत गाडी अंगणातच उभी ठेवावी हे उत्तम.

विमा कंपनीकडून नव्या नंबराची नोंद पॉलिसीवर करून घ्यावी. फास्टॅग तर विसरूच नये: तो जुन्या नंबराशी बांधलेला असतो, आणि बंद न करता गाडी दिली तर नवा मालक वासद किंवा करजणच्या टोलनाक्यावरून जाईल आणि पैसे आपल्या खात्यातून कापले जातील.

आता गाडी विकावी. कोरे फॉर्म सह्या करून दलालाच्या हाती देण्याची पद्धत सर्रास आहे, पण ती घातक आहे, कारण नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. कलम ५० प्रमाणे राज्यांतर्गत विक्रीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत द्यायची असते. ताबा देताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात व त्या कागदावर जुना नंबर, नवा नंबर आणि चॅसिस नंबर असे तिन्ही लिहावेत.

नव्या गाडीच्या बाबतीत एकच दक्षता घ्यायची आहे. नोंदणीचे काम शोरूमकडून होते आणि तिथला मनुष्य घाईत चालू मालिकेतला नंबर पाडून मोकळा होतो. नंबर राखल्याची पावती त्याला पैसे भरण्याच्या आधी द्यावी आणि बुकिंगच्या कागदावर तसे लिहून घ्यावे.

बडोद्यातल्या पुष्कळ घरांतली मुले विलायतेत आहेत, आणि तिकडे जुनी मोटार घेतली तर तिच्यावर कुणाची तरी आद्याक्षरे असलेला खासगी नंबर आलेला असतो. तिथे नियम निराळा आहे: नंबराचा हक्क गाडीपासून वेगळा होतो आणि उघडपणे विकताही येतो. वेल्समधील स्वान्सी येथील डीव्हीएलए हे वाहन नोंदणीचे सरकारी खाते १९८९ पासून स्वतःच नंबर विकत आले आहे, आणि २०१४ साली त्यांच्या लिलावात ‘२५ ओ’ हा नंबर ५ लाख १८ हजार पौंडांना गेला. घरच्या मुलाने काय करावे, तर व्ही५सी हे नोंदणीपत्र आपल्या नावावर आले की ऑनलाइन किंवा व्ही३१७ या फॉर्मवर टपालाने नंबर राखून ठेवण्याचा अर्ज करून ८० पौंड भरावेत. गाडी कर भरलेली किंवा रीतसर रस्त्याबाहेर असल्याचे कळवलेली असावी लागते. अर्ज मंजूर झाला की गाडीला सहसा तिचा मूळ नंबर परत मिळतो आणि मालकाला नंबर राखल्याचा व्ही७७८ हा दस्त येतो, जो दहा वर्षे चालतो. तो हाती येईपर्यंत गाडी विकायची नाही, हे तिथेही तितकेच खरे.

पुढे गिऱ्हाईक शोधताना त्या नंबराने कुणालाही आपली गाडी असेल त्याहून नवी भासवता येत नाही, हे लक्षात ठेवावे. त्यामुळे गाडीचे अलीकडचे साल दाखवणारा नंबर जुन्या गाडीवाल्याच्या उपयोगाचा नसतो. जाहिरातीत व्ही७७८ चा फोटो कधीही टाकू नये, कारण त्यावरचा क्रमांक वापरून तिसराच कुणी तो नंबर आपल्या गाडीला लावून घेऊ शकतो. पैसे खात्यात जमा झाले की दस्त टपालाने पाठवण्यापेक्षा गिऱ्हाइकाकडून त्याच्या व्ही५सी चा तपशील मागून घ्यावा आणि नंबर स्वतःच ऑनलाइन त्याच्या गाडीला लावून द्यावा.